क्रिम्प केलेला तारेचा जोड पुन्हा पुन्हा का सुटतो?

कुंपणाच्या तुटलेल्या तारेची दोन्ही टोकं स्लीव्हमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत, घातली, क्रिम्परने (ती नळी दाबून बसवायच्या हत्याराने) दाबली, हाताने ओढून पाहिली. जोड पक्का वाटला. तार ताणली, काम झालं. काही दिवसांनी बघावं तर तार त्याच जागी लोंबतेय, कधी नुसती सैल पडलेली, कधी साफ निसटलेली. मग नवी स्लीव्ह, आधीपेक्षा जास्त जोर, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

अशा वेळी माझा पहिला आग्रह एकच असतो: सुटलेला जोड फेकू नका. आपण तो रागाने झुडपात भिरकावतो आणि नवी स्लीव्ह काढतो. पण काय चुकलं ते त्या तुकड्यावरच दिसतं. तार निसटली, स्लीव्ह फाटली की स्लीव्हच्या तोंडाशी तार तुटली, हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर बिघाड वाढतो. निसटणाऱ्या जोडाला दाब कमी पडलेला असतो, फाटणाऱ्या स्लीव्हला जास्त झालेला असतो. दोन्हीकडे ‘अजून जोरात दाबू’ म्हणून चालत नाही.

स्लीव्ह तारेला धरते कशी, तेवढं आधी बघू. कुंपणाची हाय-टेन्साइल (जास्त ताण सोसणारी) तार कडक पोलादाची असते आणि स्लीव्ह तिच्या मानाने मऊ धातूची, तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. क्रिम्परचे जबडे मिटतात तेव्हा तार दबत नाही. स्लीव्हचा धातू दबून तारेभोवतीच्या फटीत शिरतो आणि मूठ आवळावी तसा दोन्ही तारांना चारी बाजूंनी पकडतो. फटी भरल्या तर पकड बसते. पोकळी राहिली तर बाहेरून स्लीव्ह कितीही चपटी दिसो, आत तार सरकायला मोकळी असते. त्यामुळे आपण हाताने किती जोर लावला याला महत्त्व नाही. जबडे पूर्ण मिटले का, आणि मिटल्यावर त्यांच्यातली जागा त्या स्लीव्हच्या मापाची होती का, हे पाहायचं.

तार निसटली असेल तर

निसटलेल्या तारेचं टोक उजेडात धरा. तारेच्या लांबीच्या दिशेने बारीक चकचकीत ओरखडे दिसले, तर पकड होती पण अपुरी होती आणि तार ताणाखाली हळूहळू घसरत गेली. ओरखडे जवळपास नाहीतच, जस्ताचा मुलामा जसाच्या तसा आहे, तर स्लीव्हने तारेला धरलंच नव्हतं. पहिल्या प्रकारात संशय टूलवर घ्यावा, दुसऱ्यात मापावर.

मापाचा घोळ बहुतेक वेळा ‘गेज’पासून, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबरापासून, सुरू होतो. गेज म्हणजे एकच माप नव्हे. स्टँडर्ड वायर गेजमध्ये १२ नंबरची तार २.६४ मिलिमीटर भरते, बर्मिंगहॅम गेजमध्ये २.७७, आणि विजेच्या तारांसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन गेजमध्ये तोच १२ नंबर २.०५ मिलिमीटरचा आहे. साडेबारा गेज म्हणून विकली जाणारी हाय-टेन्साइल तार साधारण अडीच मिलिमीटरची असते. शिवाय गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, त्यामुळे ‘एक नंबर मोठी स्लीव्ह घेऊ’ म्हणणारा माणूस नेमका उलट्या दिशेला जाऊ शकतो. म्हणून तार व्हर्नियरने (जाडी मोजायच्या कॅलिपरने) मोजा आणि स्लीव्हच्या पुड्यावरचं मिलिमीटरमधलं माप बघा. गुंडाळीच्या अगदी टोकाशी मोजू नका, तिथे पक्कडीने तार चेपलेली असते. थोडी आत, सरळ भागावर, दोन-तीन ठिकाणी मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला जाणवत नाही, स्लीव्हच्या आत मात्र तीच पोकळी होते.

जुन्या तारेला नवी तार जोडताना दोन्ही मोजायला हव्यात. जाडी वेगळी असली की जाड तार दाब खाते, बारीक तिच्या आडोशाला सैल राहते, आणि निसटते ती नेहमी बारीकच. असा जोड साध्या स्लीव्हने करू नये असं माझं मत आहे. ज्या स्लीव्हवर दोन्ही जाड्या स्पष्ट लिहिल्या आहेत ती घ्या, नाहीतर तो तुकडाच एका जाडीच्या तारेने बदला.

आता जबड्यांच्या खाचा. बऱ्याच क्रिम्परना दोन किंवा तीन खाचा असतात आणि प्रत्येकीवर नंबर किंवा खूण कोरलेली असते. चिखल, वंगण आणि गंज बसून ती खूण बुजते. मग अंदाजाने जवळची खाच वापरली जाते. खाच मोठी असेल तर दांडे मिटतात, ‘टक्’ असा आवाजही येतो, पण स्लीव्ह अर्धवटच दबलेली राहते. तारेच्या ब्रशने खाचा घासून खुणा उजेडात आणा आणि नेहमी लागणाऱ्या खाचेशेजारी रंगाचा ठिपका द्या.

खाच बरोबर, स्लीव्ह बरोबर, तरी तार घसरते? मग टूल झिजलंय किंवा त्याची जुळणी बिघडलीय. रिकामा क्रिम्पर पूर्ण मिटवून उजेडासमोर धरा. जबड्यांचे पृष्ठभाग एकमेकांना टेकायला हवेत. मधून उजेडाची रेघ दिसली तर दाब पूर्ण होत नाहीये. जबड्यांच्या सांध्याची पिन हलवून पाहा. ती खडखडत असेल तर दाबताना जबडे तिरके होतात आणि स्लीव्हची एक बाजू जास्त, दुसरी कमी दबते. बहुतेक टूलना दांड्यांजवळ जुळणीचा बोल्ट असतो. तो एकदम फिरवू नका, थोडासा फिरवा, एक जोड दाबा, तपासा, मग पुढे.

तपासायचं कशाने? चांगल्या क्रिम्परबरोबर पत्र्याची एक छोटी मापपट्टी येते. दाबलेली स्लीव्ह तिच्या खाचेतून गेली तर दाब पुरेसा, अडली तर अपुरा. ही पट्टी सगळ्यांकडे असते आणि पहिल्या आठवड्यात हरवलेली असते. ती नसेल तर दाबलेल्या जागेची जाडी व्हर्नियरने मोजा आणि स्लीव्ह बनवणाऱ्याने दिलेल्या मापाशी ताडून बघा. डोळ्याने अपुरा दाब ओळखू येत नाही, माप घेतल्याशिवाय टूलला निर्दोष ठरवू नका.

मग येतात हाताच्या सवयी. दोन्ही तारा स्लीव्हच्या आरपार गेल्या पाहिजेत, एक डावीकडून शिरून उजवीकडे निघालेली, दुसरी उजवीकडून डावीकडे. टोकं स्लीव्हच्या मध्यावर एकमेकांना भिडवून दाबणारेही मी पाहिलेत. त्यात प्रत्येक तारेला अर्धीच लांबी पकडायला मिळते. टोकं दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर बाहेर ठेवा. दाबल्यावर स्लीव्ह लांबते हे फार जणांच्या लक्षात येत नाही. टोक आधी काठोकाठ ठेवलं असेल तर लांबलेल्या स्लीव्हच्या आत जाऊन बसतं आणि शेवटच्या दाबाखाली धरायला तारच उरत नाही.

एका जोडाला किती स्लीव्ह लागतात, हा प्रश्न हमखास येतो. आखूड स्लीव्ह असतील तर तारेला तार जोडताना दोन किंवा तीन ओळीने लावतात. लांब स्लीव्ह एकच लागते, पण ती तीन-चार ठिकाणी दाबावी लागते. नक्की संख्या त्या स्लीव्हच्या पुड्यावरच बघायची, कारण लांबी आणि धातू बदलला की संख्या बदलते. लांब स्लीव्ह दाबताना एक दाब दुसऱ्यावर चढू देऊ नका. दाबता दाबता स्लीव्ह एका बाजूला वाकायला लागली तर पुढचा दाब क्रिम्पर पलटवून द्या, म्हणजे ती सरळ राहते.

तार स्वच्छ असणंही आलंच. चिखल, तेल, वंगण फडक्याने पुसून काढा. नवीन जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली) तार मात्र सँडपेपरने घासू नका, जस्ताचा थर निघाला की तिथेच लवकर गंज धरतो. जुन्या तारेवर पापुद्रे सुटले असतील तर ब्रश चालेल. खड्डे पडले असतील तर मागे, चांगल्या भागापर्यंत कापून घ्या. गंजाचा पापुद्रा स्लीव्हमध्ये दाबला की तो पिठासारखा चुरतो आणि तार त्यावरून घसरते.

तोंडाशी तार तुटली असेल तर

इथे स्लीव्हने आपलं काम केलेलं असतं, मोडली ती तार. तुटलेला भाग बघा. तुटीच्या एका कडेला आडवी खाच दिसते का? म्हणजे शेवटचा दाब स्लीव्हच्या अगदी काठावर बसला आणि दबलेली कड तारेत रुतली. हाय-टेन्साइल तार ताण भरपूर सोसते, पण तिला चीर आणि तीव्र बाक सोसत नाही. वाऱ्याने, जनावरांच्या घासण्याने तार हलत राहते आणि त्या चिरेतून हळूहळू तुटते. म्हणून दोन्ही तोंडांशी एक-दोन मिलिमीटर स्लीव्ह न दाबलेली ठेवा.

दुसरं कारण तार ओढायच्या पकडीचं. दातेरी पकडीने तार धरून ओढली की तिच्यावर दातांचे ठसे उमटतात, आणि जोड त्याच ठशांजवळ येतो. ठसे खोल असतील तर तेवढा भाग कापून टाका. एकदा मुरड पडलेली तार सरळ करून वापरणंही तितकंच वाईट. सरळ दिसते, पण बाकाच्या जागी तिचा जीव गेलेला असतो.

जोड खांबाला, खिळ्याला किंवा इन्सुलेटरला टेकेल अशा जागी करू नका. थंडी-उन्हाने तार थोडी मागेपुढे सरकते आणि जोड तिथे अडकून घासत राहतो. दोन खांबांच्या मध्ये, मोकळ्यावर जोड करा. टेन्शनरच्या (तार ताणून धरणाऱ्या साधनाच्या) चाकात तर जोड कधीच गुंडाळला जाऊ देऊ नका.

स्लीव्ह फाटली असेल तर

याची कारणं थोडीच आहेत. खाच लहान पडली असेल तर दबलेल्या स्लीव्हच्या दोन्ही बाजूंना धातूचे पातळ कान बाहेर येतात आणि चीर तिथूनच सुरू होते. किंवा अपुरा वाटला म्हणून तोच दाब क्रिम्पर आडवा धरून पुन्हा दिलेला असतो. एकदा दबलेला धातू कडक होतो, दुसऱ्या दिशेने दाबला की तडकतो. सुटलेली स्लीव्ह चेपून-उघडून परत वापरू नये हे सांगायला नको.

विजेच्या केबलला थिंबल (टोकाला बसणारं जोडणीचं टोपण) लावायचं क्रिम्पर, साधी पक्कड किंवा हातोडी या कामाला चालत नाही. पक्कड स्लीव्हला एका जागी चिमटते, बाकीची तशीच राहते. हातोडीने स्लीव्ह चपटी होते आणि तारा तिच्या दोन टोकांना पसरतात.

जोड ठीक, पण रात्रीत सुटला

दुपारच्या उन्हात ताणलेली तार पहाटेच्या थंडीत निसटली, असं बऱ्याचदा होतं आणि दोष क्रिम्परला दिला जातो. हिशेब करून बघा. तापमान ३० अंश सेल्सिअसने उतरलं तर १०० मीटर पोलादी तार मोकळी असती तर सुमारे साडेतीन सेंटीमीटर आखडली असती. दोन्ही टोकं घट्ट बांधलेली असल्याने तिला आखडता येत नाही, तो सगळा फरक ताणात जातो. अडीच मिलिमीटरच्या तारेत ही वाढ साधारण ३५ किलोंची होते. तार १०० मीटर असो की ४००, वाढ तेवढीच. हाय-टेन्साइल कुंपणात साधारण १०० किलोंच्या आसपास ताण ठेवतात. तिथे दुपारी पूर्ण ताण दिलेल्या तारेवर रात्री आणखी एक तृतीयांश भार चढतो, आणि कमजोर जोड पहिला बोलतो.

म्हणून ताण स्प्रिंगवर किंवा मापकावर बघून द्या आणि कडक उन्हात काम करत असाल तर थोडा कमीच ठेवा. लांब ओळीत एका टोकाला ताण-स्प्रिंग बसवली तर ही चढउतार तीच सोसते, जनावर धडकल्याचा धक्काही तीच झेलते. आणि जोड नेहमी सैल तारेवर करायचा. दोन्ही बाजूंना ओढपकडी लावून मधली तार ढिली करा, जोड पुरा करा, मगच ताण द्या. ताणलेल्या तारेवर स्लीव्ह दाबायला गेलं की हात हलतो आणि दाब तिरका बसतो.

झटक्याच्या कुंपणात जोड धरतो, पण करंट पुढे जात नाही

हा वेगळाच त्रास आहे, कारण ओढून पाहिलं तर जोड भक्कम असतो. लक्षणं अशी: रात्री जोडाशी ठिणगी दिसते, बारीक ‘टिक टिक’ ऐकू येते, जवळच्या रेडिओत त्याच लयीत खरखर होते. कुंपणाला विजेचे झटके देणारं मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडतं, लय त्याचीच असते.

शोधायचं असं. कुंपणाचा मीटर जोडाच्या अलीकडे लावा, मग पलीकडे लावा. आता एक फसवी गोष्ट: पलीकडची ओळ स्वच्छ आणि मोकळी असेल तर खराब जोडातूनही व्होल्टेज जवळपास तेवढंच दिसतं, कारण करंट फारसा वाहतच नाही. म्हणून मशीन बंद करून ओळीच्या शेवटाला लोखंडी सळई तारेला टेकवून जमिनीत रोवा, मशीन चालू करा आणि पुन्हा मोजा. करंट वाहू लागला की खराब जोडावर आकडा एकदम पडतो आणि जागा सापडते. सळई नंतर आठवणीने काढा.

कारण बहुतेकदा स्लीव्हच्या आतला गंज असतो. उघड्या तांब्याची स्लीव्ह जी.आय. तारेवर बसवली की ओलाव्यात तांबं आणि जस्त मिळून छोटा सेलच तयार होतो. आधी जस्त जातं, मग लोखंड गंजायला लागतं. खाऱ्या हवेत तर हे फार लवकर होतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या तांब्याची किंवा तार बनवणाऱ्याने सुचवलेली अ‍ॅल्युमिनियमची स्लीव्ह घ्या. जोडाच्या तोंडाशी पांढरी भुकटी किंवा तांबूस ओघळ दिसला तर वाट न बघता जोड बदला. काम करताना मशीन बंद हवं, आणि ते दुसऱ्या कोणी मध्येच चालू करणार नाही याची सोयही हवी.

ओळीवर जाण्याआधी

नवीन टूल किंवा स्लीव्हचा नवीन पुडा आला की हातभर लांबीच्या दोन तुकड्यांवर एक नमुना जोड करा. स्लीव्हच्या दोन्ही तोंडांशी तारेवर मार्करने आडवी रेघ मारा. मग रॅचेटने (दात्यांच्या चाकाने तार ओढणाऱ्या साधनाने) दोन मजबूत खांबांमध्ये तो नमुना रोजच्या कामापेक्षा जास्त ताणावर ओढा आणि थोडा वेळ तसाच ठेवा. रेघ तोंडापासून दूर सरकली तर जोड घसरतोय, मग ती सरक कितीही बारीक असो. दुसरा नमुना वाइसमध्ये धरून हॅकसॉने आडवा कापा आणि कापलेलं तोंड कानशीने साफ करून बघा. दोन गोल तारा आणि त्यांच्याभोवती गच्च भरलेला धातू दिसायला हवा. तारांच्या मधल्या बेचक्यात काळी फट दिसली तर माप किंवा दाब चुकलाय. मला हा आडवा छेद इतर कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त खात्रीचा वाटतो.

ताण देताना तारेच्या रेषेत कोणीही उभं राहू नये. हाय-टेन्साइल तार सुटली की चाबकासारखी फिरते. गॉगल आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय तार कापायलाही सुरुवात करू नका, कापताना दोन्ही टोकं पायाखाली किंवा कोणाच्या तरी हातात धरलेली हवीत.

काटेरी तारेचं थोडं वेगळं आहे. ती दोन तारांच्या पिळाची असते, त्यामुळे एका तारेच्या मापाची स्लीव्ह तिला लागत नाही. दोन्ही तारांचा पीळ सामावेल अशी, काटेरी तारेसाठीची म्हणून मिळणारी स्लीव्ह घ्या, आणि काटा स्लीव्हच्या आत येऊ देऊ नका.

एक जोड सुटला आणि कारण सापडलं की त्याच दिवशी, त्याच टूलने, त्याच पुड्यातून केलेले बाकीचे जोडही शोधून काढा. प्रत्येकाच्या तोंडाशी मार्करची रेघ मारून ठेवा आणि पहिल्या थंड रात्रीनंतर एक फेरी मारा. ज्यांची रेघ सरकली असेल ते जोड कापून नव्याने करा.